माल्टा : पर्यटन व सांस्कृतिक स्थळे

भूमध्य समुद्रात सिसिलीच्या दक्षिणेस वसलेला द्वीपदेश. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही त्याची मुख्य बेटे. एकूण क्षेत्रफळ सुमारे ३१६ चौ. किमी. बहुतेक प्रवासी येथे समुद्रस्नानासाठी येतात. कोमिनोचे निळेशार उथळ पाणी सुंदर आहे, पण उन्हाळ्यात तेथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. माल्टाची खरी श्रीमंती त्याच्या मधाच्या रंगाच्या मऊ चुनखडीत आहे. येथली देवळे, तटबंद्या, घरे बहुतेक याच दगडाची.

हा दगड हत्याराला सहज वळतो, म्हणून धातू ठाऊक नसलेल्या माणसांनीही त्यात अचाट कामे केली. हाल साफ्लिएनी येथील तीन मजली भूमिगत दफनस्थान वरून खाली कोरत नेलेले आहे. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी माणसाला ती रीत ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की येथले काम जमिनीच्या पोटात आणि काही हजार वर्षे आधीचे आहे. १९०२ मध्ये घरबांधणीच्या खोदकामात ते उजेडात आले. एका छतावर तांबड्या गेरूच्या वेलबुट्ट्या अजून दिसतात. माणसांच्या श्वासातील ओल दगडाला बाधते, म्हणून एका वेळी दहाच जणांना आत सोडतात. तिकीट बरेच आधी काढून ठेवावे, ऐनवेळी ते मिळणे कठीण. येथे सापडलेली निजलेल्या स्त्रीची तळहातावर मावेल एवढी मातीची मूर्ती व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ती चुकवू नये.

गोझोवरील ज्गांतिया हे मंदिर इ. स. पू. ३६०० च्या सुमाराचे, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुने. माल्टा बेटावरील म्नायद्रा या प्राचीन मंदिरसमूहातील एका मंदिरात विषुवदिनी उगवत्या सूर्याचा किरण थेट मुख्य दारातून आत येतो. मऊपणा हा या दगडाचा गुण तसा दोषही. ऊन, वारा आणि खारी हवा यांनी तो झिजतो, म्हणून म्नायद्रा आणि शेजारच्या हाजर ईम या मंदिरांवर २००९ मध्ये मोठी छत्रे उभारली गेली.

राजधानी व्हॅलेटा ही सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या पंथाने वसवली. १५६५ चा तुर्की वेढा परतवल्यावर पुढच्याच वर्षी पायाभरणी झाली. सरळ रस्ते, उताराच्या पायऱ्या आणि रंगीत लाकडी बंद सज्जे असलेले हे शहर पायीच पाहावे. सेंट जॉन कॅथीड्रल बाहेरून अगदी साधे. आत मात्र सोन्याचा मुलामा आणि पायाखाली सरदारांच्या सुमारे चारशे रंगीत संगमरवरी समाधिशिला. त्यांना इजा होऊ नये म्हणून टोकदार टाचांच्या पादत्राणांना बंदी आहे. शेजारच्या दालनात इटालियन चित्रकार काराव्हाजोने १६०८ मध्ये काढलेले सेंट जॉनच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र, आणि ती सही जमिनीवर सांडलेल्या रक्तातच आहे. अपर बाराक्का बागेतून खालचे बंदर दिसते; दुपारी बारा वाजता तिथल्या तोफेचा बार होतो. १७३१ चे मानोएल नाट्यगृह आजही चालू आहे.

इम्दिना ही तटबंदीतली जुनी राजधानी संध्याकाळी, प्रवाशांच्या बसगाड्या परतल्यावर पाहावी. मार्साश्लॉक या कोळीगावाच्या मासेबाजारासाठी रविवारची सकाळ बरी. तिथल्या रंगीत ‘लुत्सू’ होड्यांच्या पुढच्या टोकावर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले असतात; ते संकटातून राखतात अशी कोळ्यांची श्रद्धा आहे. गोझोची प्रसिद्ध नैसर्गिक दगडी कमान मात्र मार्च २०१७ च्या वादळात कोसळली.

उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक गावात ‘फेस्ता’ भरतो. हा गावच्या संताचा उत्सव, आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखा. रस्त्यांवर पताका लागतात, बँड वाजतो, दारूकाम होते. युनेस्कोने २०२३ मध्ये त्याची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. १५ ऑगस्टचा सांता मारियाचा फेस्ता अनेक गावांत एकाच दिवशी असतो. संताची मूर्ती खांद्यावरून निघते आणि सज्ज्यासज्ज्यांतून तिच्यावर कागदी तुकड्यांचा पाऊस पडतो.