पूरभिंतीला ‘फेमा’ची मान्यता : पात्रता, कागदपत्रं आणि मातीचा अहवाल

अमेरिकेत पूरभिंत किंवा मातीचा बांध सरकारी पूरनकाशावर ‘संरक्षण देणारा’ म्हणून नोंदवायचा असेल, तर ‘४४ सीएफआर ६५.१०’ या केंद्रीय नियमाखाली फेमाकडे, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडे, कागदपत्रं द्यावी लागतात. दरवर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर हा इथला निकष. ३० वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे हा निकष काही फार दूरचा नाही.

भिंतीची देखभाल केंद्र किंवा राज्य सरकारची यंत्रणा, कायद्याने स्थापन झालेली संस्था किंवा राष्ट्रीय पूरविमा योजनेत सहभागी असलेली स्थानिक संस्था यांच्याकडे हवी. खासगी मालकाच्या भिंतीचं प्रकरण बहुतेक इथेच अडतं.

सोबत प्रत्यक्ष बांधकामाचे प्रमाणित नकाशे लागतात. नदीकाठी भिंतीचा माथा पूरपातळीच्या किमान ३ फूट वर हवा. पुलासारख्या बांधकामाच्या दोन्ही बाजूंना १०० फुटांपर्यंत आणखी १ फूट. धूप, खचणं आणि आतल्या पाण्याचा निचरा यांची गणितं, शिवाय परिचालन व देखभालीचे आराखडे. भिंतीतले पूर आल्यावर बंद करायचे दरवाजे वर्षातून किमान एकदा चालवून पाहावे लागतात.

पण खरा जीव आहे तो पायाच्या स्थिरतेच्या अहवालात. न्यू ऑर्लिन्सची १७व्या स्ट्रीट कालव्याची भिंत २००५ मध्ये पाणी माथ्यावरून जाण्याआधीच कोसळली. बांधाच्या मध्याखालची चिकणमाती वरच्या भाराने घट्ट झालेली होती, पायथ्याखालची मात्र मऊच होती. डिझाइनमध्ये दोन्हीकडे सारखीच ताकद धरली गेली. पाण्याच्या दाबाने भिंत झुकली, कालव्याच्या बाजूला शीट पाइल (भिंतीखाली जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे) आणि माती यांच्यात फट पडली, तिच्यात पाणी शिरलं आणि भिंत मातीसकट मागे सरकली.

म्हणून अहवाल हाती आला की आधी बोअर (मातीचे नमुने काढण्यासाठी पाडलेली भोकं) कुठे घेतलेत ते पाहा. सगळे माथ्यावरून घेतले असतील तर अहवाल परत पाठवा. पायथ्याशी बोअर हवेतच. ठरावीक अंतराने नमुने घेताना वाळूचा पातळ थर निसटू शकतो आणि पाझर नेमका तिथूनच होतो. अशा जागी कोन पेनिट्रेशन चाचणी (शंकूच्या टोकाची दांडी जमिनीत दाबून मातीचा विरोध मोजणं) कामाला येते, कारण तिची नोंद जवळजवळ सलग असते.

मातीच्या सरासरी ताकदीवर काढलेला १.४ सुरक्षा गुणांक (भिंत धरून ठेवणारी ताकद, तिला ढकलणाऱ्या जोराच्या किती पट आहे तो आकडा) पाहून निश्चिंत होऊ नका. चाचण्यांचे निकाल एकमेकांजवळ असतील तर त्याला वजन आहे. विखुरलेले असतील तर तोच आकडा बराच जास्त धोका झाकतो. ताकद कमी आणि पाझर जास्त धरून गणित पुन्हा करायला सांगा, आणि दोन्ही निकाल फाइलमध्ये लावा.

माहिती नोंदणीकृत अभियंत्याने प्रमाणित केलेली हवी. पुरात भिंत कशी टिकेल, हे फेमा ठरवत नाही. मान्यता फक्त नकाशापुरती असते आणि अभियंत्याचं प्रमाणपत्र ही हमी नव्हे.

नकाशावर आधीपासून असलेल्या भिंतीची कागदपत्रं तयार नसतील, तर तात्पुरत्या मान्यतेत २४ महिने मिळतात. नदी चढलेली असताना बांधाजवळ बोअरिंग करणं धोक्याचं असतं, तेव्हा ते काम पाणी उतरलेल्या पहिल्याच हंगामात उरकून घ्या.