कापून केलेला करार: हिब्रू शास्त्रातील 'ब्रीत'ची पार्श्वभूमी

'जुना करार' आणि 'नवा करार' ही बायबलच्या दोन भागांची नावे मराठी वाचकाला परिचयाची आहेत. पण करार म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो स्टॅम्पपेपर: दोन बाजू, दोघांच्या अटी, दोघांच्या सह्या. मूळ हिब्रू शब्द आहे 'ब्रीत', आणि त्याची जात शपथेची आहे. हिब्रूत ब्रीत करत नाहीत, 'कापतात'.

हे कापणे अक्षरशः घडते. जुन्या करारातील उत्पत्ती या ग्रंथाच्या १५व्या अध्यायात इस्राएलाचा मूळपुरुष अब्राम (पुढे अब्राहाम) तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी आणि तीन वर्षांचा एडका मधोमध चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर ठेवतो. या विधीचा अर्थ यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथात, ३४व्या अध्यायात, उलगडतो. यरुशलेमच्या लोकांनी वासराच्या दोन भागांमधून चालत जाऊन दासांना मुक्त करण्याचे वचन दिले आणि मग त्याच दासांना परत धरून आणले. तेव्हा परमेश्वर म्हणतो, त्या वासराची जी गत झाली तीच तुमची करीन. सीरियातील सफीरे येथे सापडलेल्या इ.स.पू. ८व्या शतकातील अरामी तहनाम्यातही हेच आहे: हे वासरू जसे कापले जाते, तसा तह मोडणारा राजा कापला जावो.

म्हणजे त्या दोन भागांमधून जो जातो, तो शाप आपल्या अंगावर घेतो. आता अब्रामाकडे परत पाहा. तो गाढ झोपेत आहे. अंधारात धुमसती भट्टी आणि जळती मशाल तेवढी त्या तुकड्यांमधून जाते. देवाच्या उपस्थितीची ही खूण. शपथ वाहतो तो देव. बलवानाने दुर्बळापुढे असे बांधून घ्यावे, हे मला या सगळ्या परंपरेतले सर्वांत धाडसी चित्र वाटते.

सीनाय पर्वतापाशी मोशेमार्फत झालेला करार वेगळ्या वळणाचा. तिथे लोक हुकूम पाळण्याचे वचन देतात आणि मोशे त्यांच्यावर रक्त शिंपडतो. या कराराचा साचा कुठून आला, याचा माग १९०६पासून तुर्कस्तानातील बोगाझक्योय येथे झालेल्या उत्खननात लागू लागला. प्राचीन हित्ती साम्राज्याच्या राजधानीच्या या जागी मातीच्या पाट्यांवर मांडलिक राजांशी केलेले तह निघाले. आधी सम्राटाचे नाव, मग त्याने पूर्वी केलेल्या उपकारांची उजळणी, मग अटी, मग साक्षीदार देवता, शेवटी आशीर्वाद आणि शाप. बायबलचे अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी १९५४मध्ये दाखवले की दहा आज्ञांची सुरुवातही अशीच आहे: मी परमेश्वर तुझा देव, ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले. आधी उपकार, मग आज्ञा.

जुन्या करारातील 'अनुवाद' (Deuteronomy) या ग्रंथाचे नाते त्याहून जवळच्या काळाशी जुळते. अश्शूरचा सम्राट एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२मध्ये आपल्या वारसाशी, अशुरबनिपालाशी, एकनिष्ठ राहण्याची शपथ मांडलिकांकडून घेतली. यरुशलेम ज्याची राजधानी त्या यहूदाचा राजा मनश्शे हाही त्याचा मांडलिक होता. त्या शपथपत्रातला एक शाप आकाश पितळेचे आणि जमीन लोखंडाची होवो असा आहे. अनुवादाच्या २८व्या अध्यायात जवळपास तेच शब्द येतात. अशुरबनिपालावर स्वतःइतकेच प्रेम करा, असाही त्यात हुकूम आहे. त्या काळच्या राजकारणात 'प्रेम' म्हणजे निष्ठा. म्हणून 'तू आपला देव परमेश्वर ह्याच्यावर पूर्ण मनाने प्रीती कर' हे वाक्य भक्तीचे आहे, तसेच बंडाचेही आहे: सम्राट मागतो ती निष्ठा आम्ही देवाला वाहिली आहे.

मग इ.स.पू. ५८७च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले. दाविदाचे सिंहासन गेले, मंदिर गेले. करार मोडला का? यिर्मयाचे उत्तर ३१व्या अध्यायात आहे: नवा करार होईल, आणि या वेळी नियमशास्त्र दगडावर नव्हे, हृदयावर लिहिले जाईल. बायबलमधल्या पुरोहित परंपरेच्या, म्हणजे याजकांच्या, लेखनात दुसरे उत्तर सापडते, आणि अनेक अभ्यासक त्या लेखनाचा संबंध यानंतर लोकांना बाबेलात भोगाव्या लागलेल्या बंदिवासाच्या काळाशी जोडतात. तिथे शब्द येतो 'ब्रीत ओलाम', सर्वकाळचा करार. नोहासाठी त्याची खूण मेघधनुष्य, अब्राहामाच्या वंशासाठी आठव्या दिवशीची सुंता, इस्राएलासाठी शब्बाथ. यांतल्या एकाही खुणेला राजा लागत नाही, मंदिर लागत नाही, स्वतःची भूमीही लागत नाही.

याचा पडताळा आपल्या कोकणात आहे. अलिबागच्या परिसरातील बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे कित्येक पिढ्या धर्मग्रंथ नव्हते आणि हिब्रूही विस्मरणात गेली होती. तरी त्यांनी मुलाची सुंता आठव्या दिवशी केली, खाण्यापिण्याचे काही नियम सांभाळले, आणि 'शेमा इस्राएल' ('हे इस्राएला, ऐक') हे शब्द जपले, ज्यांच्या लगेच पुढे ती प्रीतीची आज्ञा आहे. आणि ते शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली.