ओटीडीआर की पॉवर मीटर? दोघांच्या 'डीबी'मधला फरक

फायबरच्या कामात मुरलेल्या माणसाला विचारा, लाइनचा लॉस, म्हणजे वाटेत होणारी प्रकाशाची घट, कशाने मोजायची? बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते ओटीडीआरचं, म्हणजे मागे परतणाऱ्या प्रकाशावरून लाइनचं चित्र काढणाऱ्या यंत्राचं. साइटवर हे उत्तर खपून जातं, परीक्षेत खपत नाही. अमेरिकेतली फायबर ऑप्टिक असोसिएशन १९९५ पासून तंत्रज्ञांना प्रमाणपत्रं देते. तिची पहिली पायरी सीएफओटी (सर्टिफाइड फायबर ऑप्टिक टेक्निशियन), आणि त्यापुढे टेस्टिंग, स्प्लाइसिंग (दोन फायबर कायमच्या जोडणं), कनेक्टर, आउटसाइड प्लँट अशा विषयवार स्पेशालिस्ट परीक्षा. त्यातल्या टेस्टिंगच्या परीक्षेला बसायचं असेल तर एक गोष्ट सगळ्यात आधी पक्की व्हायला हवी. ओटीडीआर आणि लाइट सोर्स-पॉवर मीटरची जोडी, दोन्हींच्या पडद्यावर आकडा डीबीमध्येच (डेसिबल, लॉसचं एकक) येतो, पण त्या आकड्यापर्यंत पोचायचा रस्ता दोघांचा वेगळा आहे. म्हणून दोघांकडून वेगळे प्रश्न सुटतात.

सोर्स-मीटरचं काम सरळ आहे. एका टोकाला सोर्स लावला, दुसऱ्या टोकाला मीटर. जेवढा प्रकाश पोचला तेवढा मोजला. लिंक चालू झाल्यावर एका बाजूचा ट्रान्समीटर आणि दुसऱ्या बाजूचा रिसीव्हर हेच करणार असतात, त्यामुळे हे मोजमाप प्रत्यक्ष वापराच्या सगळ्यात जवळचं. सोर्स आणि मीटर एकाच संचात आले की त्याला ओएलटीएस म्हणतात.

ओटीडीआर एकाच टोकाला बसतो. तो काचेत प्रकाशाचा छोटा पल्स सोडतो. काचेतल्या सूक्ष्म असमानतेमुळे त्यातला अगदी थोडा प्रकाश सतत मागे विखुरत राहतो, ते रेले स्कॅटरिंग. माथेरानच्या एको पॉइंटवर हाक किती वेळाने परत आली यावरून समोरचा कडा किती लांब ते सांगावं, तसा हा यंत्राचा हिशेब. वेळेवरून अंतर, आणि परतलेल्या प्रकाशाच्या पातळीवरून लॉस. बार्नोस्की आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे. पलीकडच्या टोकाला किती प्रकाश पोचला हे ओटीडीआर पाहतच नाही. मागे आलेल्या विखुरण्यावरून तो ते काढतो. काढलेली किंमत बहुतेक वेळा खऱ्याच्या जवळ असते, कधी कधी मात्र बरीच फसवी असते, आणि परीक्षेतले अवघड प्रश्न नेमके त्या 'कधी कधी'वर येतात.

अमेरिकेतल्या टीआयए या दूरसंचार उद्योग संघटनेच्या मानकांत याची दोन पातळ्यांत मांडणी आहे. टियर १ म्हणजे ओएलटीएसने लॉस, शिवाय लांबी आणि पोलॅरिटी (कुठली फायबर कुठे जाते ते) तपासणं. टियर २ म्हणजे त्यात ओटीडीआरच्या ट्रेसची, म्हणजे पडद्यावरच्या आलेखाची, भर. 'ट्रेस काढली, आता मीटरची गरज काय' असा पर्याय प्रश्नात हमखास दिसतो आणि तो चुकीचा असतो. टियर २ ही टियर १ च्या वर चढते, तिच्या जागी येत नाही.

शून्य कुठे धरलं?

माझ्या मते तयारीचा जास्त वेळ ओटीडीआरला न देता पॉवर मीटरच्या रेफरन्सला, म्हणजे मोजणीआधी धरायच्या शून्याला, द्यावा. ओटीडीआर चित्र काढून दाखवतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे. मीटर नुसता आकडा दाखवतो, म्हणून 'त्यात काय शिकायचंय' असं वाटतं. पण तो आकडा कशाच्या तुलनेत आहे हे कळलं नाही तर तो निरुपयोगी आहे.

प्रत्यक्ष कृती बघा. मीटरवर १३१० नॅनोमीटर तरंगलांबी निवडली. रेफरन्स पॅचकॉर्डचं (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या छोट्या केबलचं) एक टोक सोर्समध्ये, दुसरं थेट मीटरमध्ये. मीटर दाखवतो −३.२ डीबीएम. डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेतली पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष किती प्रकाश आहे ते. आता फक्त मीटरकडचं टोक काढायचं. सोर्सकडच्या टोकाला हात लावायचा नाही, कारण कनेक्टर काढून पुन्हा बसवला की सोर्समधून कॉर्डमध्ये जाणारा प्रकाश थोडा बदलतो आणि घेतलेला रेफरन्स वाया जातो. मोकळं टोक ओडीएफच्या (लाइनची केबल जिथे संपते त्या पेटीच्या) अडॅप्टरमध्ये लावा. पलीकडच्या टोकाला दुसरी तपासलेली कॉर्ड आणि मीटर. आता −९.१ डीबीएम दिसतं. दोन्हींतला फरक ५.९ डीबी, हा लॉस. फरकाला डीबी, प्रत्यक्ष पॉवरला डीबीएम. 'लिंकचा लॉस −९.१ डीबीएम' असं लिहिलेला रिपोर्ट पाहिला की तो लिहिणाऱ्याला दोन्हींतलं काहीच नीट कळलेलं नाही हे समजतं.

वर केला तो एका कॉर्डचा रेफरन्स. यात केबलच्या दोन्ही टोकांचे कनेक्टर मोजणीत येतात. दोन कॉर्ड अडॅप्टरने जोडून शून्य धरलं तर एका जोडाचा लॉस रेफरन्समध्येच जातो आणि मोजणीत एकच उरतो. तीन कॉर्ड लावल्या तर टोकांचे दोन्ही कनेक्टर वजा होतात. लिंक तीच, केबल तीच, आणि तीन पद्धतींनी तीन वेगळे आकडे, प्रत्येक आपापल्या जागी बरोबर. म्हणून रिपोर्टवर पद्धत लिहिलीच पाहिजे. नावांचा घोळ आणखी निराळा: एका कॉर्डच्या पद्धतीला मल्टिमोडच्या (रुंद गाभ्याच्या फायबरच्या) ओएफएसटीपी-१४ या चाचणी मानकात 'पद्धत बी' म्हणतात आणि सिंगलमोडच्या (बारीक गाभ्याच्या) ओएफएसटीपी-७ मध्ये 'ए.१'. अक्षरं पाठ करण्यापेक्षा 'किती कॉर्ड' हे धरून ठेवलेलं बरं.

हे लॉस बजेटला, म्हणजे लिंकला परवडणाऱ्या लॉसच्या बेरजेला, जोडून पाहिलं की पक्कं बसतं. समजा १२ किलोमीटरची सिंगलमोड लिंक आहे. ४ किलोमीटरचे तीन ड्रम, म्हणजे मध्ये दोन जॉइंट, आणि दोन्ही टोकांना पिगटेलचा (एकाच टोकाला कनेक्टर असलेल्या तुकड्याचा) एकेक, असे चार स्प्लाइस. १३१० वर किलोमीटरला ०.३५ डीबी धरला तर फायबरचा ४.२. टीआयएची कमाल मर्यादा धरली तर स्प्लाइसला ०.३ प्रमाणे १.२, आणि दोन कनेक्टरना ०.७५ प्रमाणे १.५. एकूण ६.९ डीबी. आपला ५.९ पास झाला. पण रेफरन्स तीन कॉर्डचा असता तर कनेक्टरचे १.५ बजेटमधूनही काढायला हवेत. मर्यादा ५.४ वर आली असती, आणि तोच ५.९ नापास. परीक्षेत बजेटचं गणित आलं तर आधी रेफरन्सची ओळ शोधा, मग बेरीज करा.

ट्रेस कुठे फसवते

आता ओटीडीआर. पहिला अडथळा डेड झोनचा. कनेक्टरवरून जोरदार परावर्तन आलं की यंत्राचा डिटेक्टर क्षणभर दिपतो, आणि तेवढ्या अंतरातलं काही दिसत नाही. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एक मायक्रोसेकंदाचा पल्स २०० मीटर लांब, आणि जाऊन-येऊन हिशेबामुळे पडद्यावर सुमारे १०० मीटर जागा व्यापणारा. १० नॅनोसेकंदाचा पल्स एकच मीटर व्यापतो, पण त्यात ताकद कमी, लांबचं दिसत नाही. लांब लाइनला रुंद पल्स, जवळजवळच्या दोन जॉइंटना अरुंद पल्स, ही ओढाताण ओटीडीआरवर कायमचीच.

याच कारणाने यंत्र आणि लाइन यांच्यामध्ये जोडायची लाँच केबल लागते. ती नसेल तर पहिला कनेक्टर डेड झोनमध्ये बुडतो. शेवटच्या कनेक्टरची अडचण वेगळी: त्याच्यापुढे फायबरच नाही, मग मागे विखुरणारा प्रकाशही नाही, मग लॉस कशावरून काढणार? त्यासाठी पलीकडे रिसीव्ह केबल जोडावी लागते. दोन्ही न लावता काढलेल्या ट्रेसमधून टोकांचे दोन्ही कनेक्टर गळतात. वरच्या बजेटमधले १.५ डीबी त्यांच्याच वाट्याचे होते.

दुसरी फसवणूक 'गेनर'ची. ट्रेसवर एका जॉइंटला लॉसऐवजी चढ दिसतो, जणू स्प्लाइसने प्रकाश वाढवला. जी.६५२डी ची मुख्य केबल आणि जी.६५७ ची ड्रॉप केबल यांच्या जॉइंटवर हे सहज दिसू शकतं. दोघींतून मागे विखुरणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण सारखं नसतं, आणि यंत्र मात्र ते सारखं धरून चालतं. एका बाजूने −०.१० दिसलं तर दुसऱ्या बाजूने ०.२२ दिसेल. दोन्हींची सरासरी ०.०६ डीबी, हा त्या स्प्लाइसचा खरा लॉस. एकाच बाजूच्या ट्रेसवरून चांगला जॉइंट तोडून पुन्हा करायला लावणं हा तंत्रज्ञावर अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो. पॉवर मीटरवर गेनर कधी दिसत नाही. तिथे आकडा चढला तर समजावं की रेफरन्स चुकला.

'घोस्ट'ही असाच. लाँच केबल ५०० मीटरची आणि तिच्या टोकाचा कनेक्टर घाण असेल, तर प्रकाश तिथून परत येऊन यंत्राच्या पोर्टवर आपटतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. १००० मीटरवर एक शिखर उमटतं, जिथे प्रत्यक्षात काहीच नाही. दुप्पट अंतर, आणि शिखर असूनही लॉस नाही, या दोन खुणांवरून ते ओळखू येतं.

अंतराबद्दल एक गोष्ट खास सांगायची, कारण तिच्यापायी नको तिथे रस्ता खोदला जातो. ओटीडीआर अंतर मोजतो ते यंत्रात भरलेल्या अपवर्तनांकावरून. १.४६७७ च्या जागी १.४६०० राहून गेला तर २० किलोमीटरवर शंभरेक मीटरची चूक होते. शिवाय ते अंतर काचेचं असतं, केबलचं नसतं. लूज ट्यूबमध्ये फायबर केबलपेक्षा थोडी लांब असते, आणि मॅनहोलमधल्या, क्लोजरजवळच्या गुंडाळ्या वेगळ्याच. म्हणून जेसीबीने केबल तोडली असेल तर शहाणा माणूस ट्रेसवरचं अंतर थेट रस्त्यावर टाकत नाही. जवळच्या ज्ञात जॉइंटपासून पुढे किती, एवढंच मोजतो.

इतकं असूनही, केबल कुठे तुटली, कुठला जॉइंट खराब, कुठे फायबर मुरगळली, हे सांगणं पॉवर मीटरच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्याला एकूण बेरीज कळते. एखाद्या ठिकाणी १३१० वर लॉस नगण्य आणि १५५० वर ठसठशीत दिसला तर तिथे वळण आवळलं गेलंय, कारण लांब तरंगलांबी वळणावर जास्त गळते. स्प्लाइसच खराब असेल तर दोन्हींवर जवळपास सारखंच दिसतं. एका टोकाला उभं राहून हे सांगणारं दुसरं यंत्र नाही.

मल्टिमोडमध्ये दोघांचे आकडे आणखी लांब जातात. ओटीडीआरचा लेसर गाभ्याच्या मधल्या भागातच प्रकाश भरतो, म्हणून त्याचा लॉस बहुधा कमी येतो.

आपल्याकडे शहरांतली घरोघरची फायबर आणि भारतनेटचं ग्रामपंचायतींपर्यंतचं बरंचसं जाळं जीपॉनवर, म्हणजे एकच फायबर स्प्लिटरने अनेक शाखांत वाटायच्या पद्धतीवर, चालतं, तिथे दोघांमधला फरक रोज भेटतो. १:३२ च्या स्प्लिटरचा लॉस आदर्श हिशेबाने १५ डीबी, प्रत्यक्षात १७ च्या आसपास. जीपॉनच्या बी+ वर्गात एकूण लॉस १३ ते २८ डीबीच्या मध्ये बसायला हवा. एक्स्चेंजच्या बाजूने ओटीडीआर लावला तर स्प्लिटरपुढच्या ३२ शाखांचं विखुरणं एकावर एक चढतं आणि कुठल्या घराकडची रेघ कुठली ते कळत नाही. घराच्या बाजूने वर पाहिलं तर निदान आपली एक शाखा स्वच्छ दिसते. चालू लाइनवर मात्र साधा ओटीडीआर लावायचा नाही. तिथे फिल्टरवाला १६२५ किंवा १६५० चा पोर्टच हवा. घरी पॉवर किती येते, याला तर १४९० वर लावलेला मीटर पुरतो.

तयारीत शेवटी एक प्रश्न स्वतःला घालून बघा. ओएलटीएसवर लिंक मर्यादेपेक्षा १.२ डीबीने नापास, आणि त्याच लिंकची ओटीडीआर ट्रेस नितळ, एकही संशयास्पद घटना नाही. खोटं कोण बोलतंय? दोघंही खरं बोलत असू शकतात. ट्रेस लाँच आणि रिसीव्ह केबलशिवाय काढली असेल तर दोष टोकांच्या कनेक्टरांत आहे, आणि ती जागा ओटीडीआरला दिसलेलीच नाही. आधी दोन्ही टोकं इन्स्पेक्शन स्कोपखाली धरा, पुसा, हिरव्या एपीसीत (तिरक्या टोकाच्या कनेक्टरात) निळा यूपीसी (सरळ टोकाचा) कोणी खुपसलाय का ते पाहा. मग रेफरन्सच्या दोन्ही कॉर्ड एकमेकींना जोडून ०.५ डीबीच्या आत आहेत ना ते तपासा, नवा रेफरन्स घ्या आणि पुन्हा मोजा. तरीही नापास झाली, तर दोन्ही टोकांना केबल लावून दोन्ही बाजूंनी ट्रेस काढायची.