आरसा नसलेला कॅमेरा आणि २१ मिमीची लेन्स

रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर, म्हणजे आरसा नसलेल्या एका जातीच्या कॅमेऱ्यावर, ५० मिमीची लेन्स काढून २१ मिमीची वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी लेन्स लावली आणि कॅमेरा डोळ्याला लावला, तर खिडकीतून दिसणारं चित्र तसूभरही बदलत नाही. एसएलआर, म्हणजे आरशाच्या मदतीने थेट लेन्समधून बघायचा कॅमेरा, वापरणाऱ्याला हे फार विचित्र वाटतं. पण इथे आपण लेन्समधून बघतच नसतो, बाजूच्या एका वेगळ्या खिडकीतून बघत असतो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत त्या खिडकीत २१ मिमीची चौकट मावतच नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या वरच्या शूवर (जोडणीच्या खाचेवर) एक छोटा वेगळा फाइंडर लावायचा, त्यातून फ्रेम ठरवायची. तो लेन्सच्या काही सेंटीमीटर वर बसलेला असतो त्यामुळे लांबच्या गोष्टींना फरक पडत नाही, पण हातभर अंतरावरची वस्तू घ्यायची असेल तर फाइंडरमध्ये दिसते त्यापेक्षा ती निगेटिव्हवर थोडी वर सरकलेली येते, तेवढं ध्यानात ठेवून कॅमेरा जरा वर उचलायचा.

एवढी खटपट कशासाठी करायची? तर आरसा नाही म्हणून.

एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा वर-खाली हलतो, त्याला जागा लागते. १९५९ च्या निकॉन एफमध्ये लेन्स जिथे बसते तिथपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिमी अंतर आहे, लायका कंपनीच्या रेंजफाइंडरच्या एम माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या जागेत) तेच फक्त २७.८ मिमी. आता २१ मिमीची साधी लेन्स म्हणजे तिचा प्रकाशीय मध्य फिल्मपासून साधारण २१ मिमीवर हवा, म्हणजे एसएलआरमध्ये बरोबर आरसा जिथे हलतो तिथेच! यावर उपाय म्हणून पुढे मोठी अंतर्वक्र भिंगं लावून सगळी लेन्स फिल्मपासून लांब ढकलायची युक्ती निघाली, तिला रेट्रोफोकस म्हणतात आणि १९५० मध्ये फ्रान्सच्या अँजेन्यू कंपनीने ती ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी बाजारात आणली. युक्ती चांगलीच आहे, पण लेन्स पुढून एक प्रकारची आणि मागून दुसऱ्या प्रकारची होते, आकाराने वाढते, आणि कडेच्या सरळ रेषा बाहेर फुगतात त्या सरळ करायला आणखी भिंगं घालावी लागतात.

रेंजफाइंडरला ही अडचणच नाही. अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाच्या, पुढे जशी भिंगं तशीच जवळजवळ आरशातल्या प्रतिमेसारखी मागे ठेवता येतात, आणि मग पुढच्या अर्ध्या भागाने केलेली रेषांची वाकडीतिकडी मागचा अर्धा भाग उलट दिशेने करतो, दोन्ही एकमेकांना खोडतात. कडांना दिसणारी रंगाची किनार आणि कोमा नावाचा दोषही (कडेचे प्रकाशबिंदू धूमकेतूसारखे पसरणं) असाच बराचसा खोडला जातो. लुडविग बेर्टेले यांनी त्साइस या जर्मन कंपनीसाठी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेली २१ मिमी एफ/४.५ (हा आकडा भोकाच्या मापाचा, आकडा मोठा तर भोक लहान) बायोगॉन ही यातली मला सगळ्यात आवडणारी रचना. तिचं मागचं भिंग कॅमेऱ्याच्या पोटात पार आत शिरतं. निकॉनने स्वतःच्या एफ कॅमेऱ्यासाठी याच धर्तीची २१ मिमी एफ/४ लेन्स काढली तेव्हा ती लावण्याआधी आरसा वर करून अडकवून ठेवावा लागायचा आणि वर वेगळा फाइंडर लावावा लागायचा, म्हणजे एसएलआरला तेवढ्यापुरतं रेंजफाइंडरसारखंच वागावं लागलं.

याची किंमत कोपऱ्यांमध्ये दिसते. पहिला रोल धुऊन आला की आकाशाचे कोपरे काळवंडलेले दिसतात आणि माणूस लेन्सला नावं ठेवतो. पण हे मुख्यतः भूमितीचं काम आहे. कोपऱ्याकडे जाणाऱ्या किरणांना जास्त अंतर कापावं लागतं, त्यांना अ‍ॅपर्चरचं गोल भोक तिरप्या बाजूने लंबगोल आणि अरुंद दिसतं, शिवाय ते फिल्मवर तिरपे पडतात, संध्याकाळचं ऊन जमिनीवर पडतं तसे, म्हणून तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. सगळं मिळून प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने कमी होतो. २१ मिमीला कोपऱ्यापर्यंतचा कोन जवळपास ४६ अंश, म्हणजे तिथे मध्याच्या पाव भागापेक्षाही थोडा कमी प्रकाश, ढोबळमानाने दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा)! १५ मिमीला तर जवळपास नववा-दहावा हिस्साच उरतो.

लोकांनी यावर काय काय केलंय ते वाचण्यासारखं आहे. १९०० सालच्या गोर्ट्झ हायपरगॉन लेन्सच्या पुढे एक चांदणीच्या आकाराची पात्यांची चकती असायची, रबरी फुग्याने हवा मारून ती एक्स्पोजर चालू असताना गरगर फिरवायची, म्हणजे मधला प्रकाश अडतो आणि कडांना बरोबरी साधायला वेळ मिळतो. त्साइसच्या १५ मिमी होलोगॉनबरोबर मध्ये गडद आणि कडेला साफ असा फिल्टर यायचा. सगळ्यात हुशार उपाय मात्र सोव्हिएत रशियातल्या मिखाईल रुसिनोव्ह यांचा. त्यांनी विमानातून नकाशे करायच्या लेन्सेससाठी दोन्ही टोकांना मोठी, खोल वळणाची अंतर्वक्र भिंगं लावली, त्यामुळे तिरपं बघितल्यावरही अ‍ॅपर्चर अरुंद दिसायच्या ऐवजी मोठं दिसतं आणि कोपऱ्यांना बराच जास्त प्रकाश मिळतो. बायोगॉनमध्येही हेच तत्त्व आहे.

फिल्मला तिरप्या किरणांचं फारसं वावडं नसतं, चांदीच्या क्षारांचे कण पातळ थरात पसरलेले असतात, किरण कुठूनही आला तरी चालतो. डिजिटल सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलवर इवलं भिंग आणि रंगाचा फिल्टर असतो, तिरपा किरण शेजारच्या घरात शिरतो, म्हणून याच जुन्या लेन्सेस डिजिटलवर लावल्या की कडा कधी जांभळट कधी हिरवट येतात. त्यामुळे अशी लेन्स पारखायची तर फिल्मवरच. आणि शक्यतो ४०० आयएसओची निगेटिव्ह फिल्म घ्या, ती दोन स्टॉपचा फरक बऱ्यापैकी सांभाळून घेते, स्लाइड फिल्म तेवढी दयाळू नसते.

फोकसचं सुख मात्र वेगळंच. एसएलआरच्या काचेवर वाइड लेन्सने सगळंच साधारण स्पष्ट दिसतं, नेमकं फोकस कुठे आहे ते कळता कळत नाही. रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवायच्या असतात आणि ती अचूकता कुठलीही लेन्स लावली तरी तेवढीच राहते. खरं तर बऱ्याचदा तेही करावं लागत नाही. २१ मिमी, एफ/८, फोकस साधारण १.८ मीटरवर ठेवला की जेमतेम ९० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट. ५० मिमीला तेच करायचं तर फोकस दहा मीटरच्या पुढे न्यावा लागतो आणि पाच मीटरच्या अलीकडचं सोडून द्यावं लागतं. पुण्यातल्या पेठांच्या गल्लीत पाच मीटर मागे सरकायला जागा असते कुठे?

एक गोष्ट लग्नाचे ग्रुप फोटो काढणाऱ्यांनी जरूर बघावी. कडेला उभ्या असलेल्या माणसांची डोकी आडवी ताणलेली येतात, रेषा सगळ्या सरळ असूनही. ४५ अंशांवर गोल चेंडू रुंदीला उंचीच्या १.४ पट होतो, आणि लेन्स कितीही महाग असली तरी होणारच, कारण सरळ रेषा सरळ ठेवायच्या म्हटल्यावर सपाट फिल्मवर दुसरं काही शक्यच नाही. पण निगेटिव्हची दहापट मोठी प्रिंट काढा, ३६ सेंटीमीटर रुंद, आणि एक डोळा मिटून दुसरा बरोबर मध्यासमोर २१ सेंटीमीटरवर आणा. तिथून कडेची माणसं तुम्हाला तिरप्या कोनातून दिसतात, जेवढी ताणलेली होती तेवढीच आकसतात, आणि डोकी पुन्हा गोल होतात.