बाळंतपण केंद्राची वास्तुरचना (मराठवाडा)

अडचण नसलेलं साधं बाळंतपण जिथं नर्स-मिडवाइफच्या देखरेखीत होतं, सिझेरियनची सोय नसते पण वेळ आलीच तर बाईला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवता येतं, आणि जिचा नकाशा गावातल्या बायका, आशाताई, जुन्या सुइणी यांना विचारून काढलेला असतो, अशी छोटी इमारत.

ही कल्पना मूळची कुठली यावर एकमत नाही. काही जण १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या केंद्रापासून मोजतात, काही जण थेट चरक-सुश्रुतांच्या आयुर्वेद ग्रंथांतल्या सूतिकागारापर्यंत, म्हणजे बाळंतिणीच्या घरापर्यंत, मागं जातात. या ग्रंथांचा काळ इसवी सनाच्या आगेमागे काही शतकं असा ढोबळच धरावा लागतो, चरकसंहितेत दृढबल या पंडितानं नंतर भर घातली पण सूतिकागार ज्यात येतं तो शारीरस्थान हा भाग त्यात येत नाही, म्हणून सूतिकागाराचं वर्णन जुन्या थरातलं म्हणायला हरकत नसावी. चरक सांगतो की नववा महिना लागायच्या आत हे घर बांधून तयार ठेवा, दार पूर्वेला किंवा उत्तरेला, आत अग्नी, पाणी, उखळ, संडास, न्हाणी, स्वयंपाक यांना जागा. सुश्रुत दार पूर्वेला किंवा दक्षिणेला सांगतो आणि माप देतो, ८ हात लांब, ४ हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर १२ बाय ६ फूट. एवढ्यात चरकाची न्हाणी न् चूल बसणारच नाही, त्यामुळे सुश्रुताचं माप फक्त बाळंतिणीच्या खोलीचं असावं हे मत जास्त पटतं. सुश्रुत वर्णाप्रमाणे जमिनीचा रंगही सांगतो, ते आज सोडूनच द्यायचं. चरकाची यादी मात्र डिझाइनला अजूनही लागू आहे.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात बाळंतिणीची खोली आतली, अंधारी, बाजेखाली शेगडी, वर धुरी. ऊब बरोबरच होती, जागतिक आरोग्य संघटनाही प्रसूतीची खोली किमान २५ अंश ठेवा म्हणते, पण धूर आई-बाळ दोघांनाही वाईट, म्हणून वाऱ्याचा झोत अंगावर येणार नाही असा उंच झरोका ठेवतात.

माळवदाचा गारवा हवाहवासा असला तरी ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छतंच अंगावर पडली न् हजारो माणसं गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता, नंतर झोन ३ मध्ये घेतला. त्यामुळे इथं जोत्याला, लिंटेलला (दार-खिडकीच्या डोक्यावर) आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे, हलकं छत, उष्णता अडवायला पोकळ भिंत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरुमापर्यंत न्यावाच लागतो.

पाण्याचा विचार आधी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि पाण्याशिवाय बाळंतपण होत नाही, तेव्हा छताचं पाणी साठवणारी टाकी आणि टँकर आतपर्यंत येईल असा रस्ता दोन्ही हवेत. ॲम्ब्युलन्सचा दरवाजा वेगळा, आडोशाचा, रॅम्प १:१२ (१ फूट उंचीला १२ फूट लांबी) पेक्षा चढा नको.

बाईसोबत आई, सासू, जाऊ, कडेवरचं आधीचं लेकरू असं सगळं घर येतं, त्यांना कॉरिडॉरमधला बाक देऊन भागत नाही. ओटा, लिंबाची सावली, भाकरी करायला चूल, आणि प्रसूतीच्या खोलीत सोबतिणीला बसायला जागा, हे नकाशात पहिल्या दिवसापासून पाहिजे. बीडकडच्या ऊसतोड कामगार बायका दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातात न् उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, त्यातली एखादी दिवस भरत आल्यावर लवकर परतली तर तिला मुक्कामाची खोली लागते. राज्यात आदिवासी भागासाठी माहेरघर योजना आहे, दिवस भरत आलेल्या बाईला दवाखान्याजवळ आधीच येऊन राहता यावं म्हणून, तीच कल्पना इथं चालेल. आफ्रिकेतल्या मलावीत कासुंगूला मास डिझाइन ग्रुप या वास्तुरचना संस्थेनं बांधलेल्या प्रतीक्षागृहात छोट्या खोल्या अंगणांभोवती आहेत, तो नमुना आपल्या वाड्याला जवळचा वाटतो.

गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देण्याचं काम बीडला लागून असलेल्या जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून केलं, धाराशिव जिल्ह्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं केलं. सरकारी बाजूनं २०१७ चा लक्ष्य कार्यक्रम लेबर रूम सुधारण्यासाठी आणि २०१८ च्या मिडवाइफरी गाइडलाइन्स आहेत.