ओरडल्याने बर्फ कोसळतो का?

हिमालयात ट्रेकला निघालेल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: ‘बर्फाच्या उतारावर ओरडू नका, आवाजाने हिमस्खलन होतं.’

सिनेमात तसंच दाखवतात, त्यामुळे ते खरं वाटणं साहजिक आहे. पण आवाज म्हणजे हवेतला दाब, आणि जोरात मारलेल्या हाकेचा दाबही फार तर काही पास्कल भरतो. माणसाच्या वजनाने बर्फात पडणारा ताण त्याच्या कितीतरी पट असतो. (सुरुंग लावून हिमस्खलन मुद्दाम घडवतात हे खरं, पण स्फोटाच्या धक्क्याची ताकदच वेगळी.)

बर्फ थराथरांनी साचतो. वर घट्ट लादी आणि खाली साखरेसारखा सुटा थर असेल, तर वरची लादी नुसती टेकलेली असते. माणूस चढला की खालचा थर मोडतो, लादी तडकते आणि घसरते. म्हणूनच जीवघेण्या हिमस्खलनांपैकी बहुतेक अडकलेल्यांनी किंवा त्यांच्याच सोबत्यांनी नकळत सुरू केलेली असतात.

उतार धोक्याचा आहे का हे पडताळायचं असेल तर लांबून, मोबाइलची कड उताराला समांतर धरून कोन मोजा. ३० ते ४५ अंशांत धोका सर्वांत जास्त. नुकताच भरपूर बर्फ पडलाय? वाऱ्याने एका बाजूला ढीग साचलाय? पायाखाली ‘धप्प’ आवाज येऊन भेगा धावताहेत? तर त्या उतारावर जाऊ नका. सोबत्याला सावध करायला मात्र खुशाल ओरडा.