लसीचा त्रास आणि ५० हजारांची भरपाई: खरं काय?

"लसीनंतर त्रास झाला की डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात अर्ज टाका, ५० हजार मिळतात," असं बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कोविडपासून सांगितलं जातं. हे खरं नाही. ते ५० हजार कोविडने दगावलेल्यांच्या वारसांसाठी होते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०२१ मध्ये ती रक्कम ठरवली. लसीच्या त्रासाशी तिचा संबंध नाही.

दुसरा घोळ याहून मोठा. आशाताईंनी त्रासाची नोंद केली म्हणजे दावा दाखल झाला, असं लोक धरून चालतात. ती नोंद लसीच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवण्यासाठी असते. गंभीर प्रकरणाची चौकशी जिल्हा समिती करते, पण पैसे मंजूर करणं तिच्या हातात नाही. तरीही नोंद कराच, पुढे तोच कागद कामी येतो.

मग दाद कुठे मागायची? दिवाणी कोर्टात जाता येतं, असं केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगितलं. खासगी दवाखान्यात पैसे देऊन लस घेतली आणि हलगर्जीपणा झाला, तर ग्राहक आयोग आहे; मुदत २ वर्षं. सरकारी केंद्रात सगळ्यांना फुकट मिळणारी सेवा मात्र सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालानुसार ग्राहक कायद्यात बसत नाही. हलगर्जीपणा सिद्ध करायचा भार आपल्यावरच, आणि आजारी पोर मांडीवर असलेल्या आईला तो फार जड आहे. म्हणून लसीचं कार्ड, त्यावरचा बॅच नंबर, डिस्चार्ज कार्ड जपा. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील मोफत मिळतो. बेळगावच्या कोर्टात चौकशी करा.